ओढ्याकाठची माती, लेझरची ठिणगी आणि क्रोमियम : खडकाचं की नाल्याचं?

रानवाट | ७ डिसेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. विषय जरा मोठा आहे, सांभाळून घ्या.

आमचं रान सोलापूरच्या बाहेर, औद्योगिक वसाहतीपासून थोड्या अंतरावर आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण गावातली निम्मी घरं रोज सकाळी शहरात भाजी विकायला नेतात. पावणेतीन एकर काळी जमीन आणि खालच्या बांधाला लागून ओढा. लहानपणी बेंदराला बैल याच ओढ्यात धुवायचो. आता त्याचं पाणी कधी जांभळट येतं, कधी गंजाच्या रंगाचं, आणि बहुतेक वेळा रात्री. पाणी कुठून येतं ते गावात सगळे बोलतात, पण हातात काही नसताना मी इथे कुणाचं नाव घेणार नाही.

ज्वारी वरच्या अंगाला आहे. ओढ्याकडेच्या चार वाफ्यांत आई मेथी, शेपू आणि चाकवत करते. उन्हाळ्यात विहीर आटली की त्या वाफ्यांना ओढ्याचंच पाणी जातं.

माझा मावसभाऊ एका प्रयोगशाळेत संशोधन करतो. तिथे लेझर मारून मातीतले धातू ओळखायचं यंत्र आहे. मागच्या आठवड्यात मी ओढ्याकडेची माती घमेल्यात घेतली, पिशवीत भरली आणि त्याच्याकडे गेलो.

त्याने माती सावलीत वाळवलेली आहे ना ते विचारलं, मग अकीकाच्या खलात पिठासारखी घोटली, चाळली आणि प्रेसमध्ये कित्येक टनांच्या दाबाखाली तिची वडी केली. दोन रुपयाच्या नाण्याएवढी, काळी आणि इतकी घट्ट की वरून चकाकत होती. ती फिरत्या चकतीवर ठेवली आणि मला गॉगल दिला. लेझर स्वतः दिसत नाही. दिसते ती वडीवर उडणारी ठिणगी, टाचणीच्या डोक्याएवढी, निळसर पांढरी. आणि आवाज येतो, टक, टक, टक, कुणी नखाने पत्र्यावर वाजवावं तसा. नंतर वडी हातात घेतली तर तिच्यावर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे गोलाकार पडले होते.

पडद्यावर रेघांचं नुसतं रान उगवलं. भावाने त्यातल्या तीन रेघा बोटाने दाखवल्या : ४२५.४३, ४२७.४८ आणि ४२८.९७ नॅनोमीटर. म्हणाला, "हे क्रोमियम. तिन्ही एकत्र दिसली म्हणजे शंका नको." जस्ताची रेघही चांगली उंच होती. मग त्याला कुणीतरी बोलावलं आणि आमचं बोलणं तिथेच राहिलं.

तेव्हापासून झोप नाही. घरी आल्यावर आईला काही बोललो नाही. काल तिने मेथीची जुडी काढली आणि मी ती तशीच बाजूला ठेवली. तिने विचारलं काय झालं, मला उत्तर देता आलं नाही. मेथी उपटून टाकू का? आणि ही रेघ दिसली म्हणजे नक्की काय कळलं?

सीनाकाठची | ७ डिसेंबर, रात्री १०.१५

वाचून पोटात गोळा आला. आमची विहीरही नदीकाठाला आहे, आणि घरात पाच वर्षांचं लेकरू आहे. उत्तर मिळेपर्यंत मेथी खाऊ नका, विकूही नका. चार वाफ्यांचं नुकसान सोसेल.

आम्हालाही मातीचा एक कागद मिळालाय, मृद आरोग्य पत्रिका. त्यात हे क्रोमियम का नाही?

मालदांडी | ८ डिसेंबर, सकाळी ७.०५

ताई, ती पत्रिका पिकाच्या भुकेसाठी आहे. २०१५ साली योजना सुरू झाली तेव्हापासून तिच्यात १२ गोष्टी तपासतात : नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. शिसं, कॅडमियम, क्रोमियम, पारा यांतलं काहीच त्यात येत नाही. पत्रिकेवर सगळं हिरवं दिसलं म्हणून रान विषारी धातूंपासून मोकळं आहे असं धरू नका. हे मी कृषी पदविका झाल्यापासून प्रत्येक बैठकीत सांगतोय.

रानवाट, तुम्हाला एक प्रश्न. घमेलं कशाचं होतं?

रानवाट | ८ डिसेंबर, सकाळी ८.३०

पत्र्याचं. घरातलं जुनं.

मालदांडी | ८ डिसेंबर, सकाळी ८.५०

मग तुमच्या जस्ताच्या रेघेवर आत्ताच विश्वास ठेवू नका. पत्र्याच्या घमेल्याला जस्ताचा मुलामा असतो. ओली काळी माती त्यात कालवली, खुरप्याने खरवडली की जस्त मातीत उतरतं. जस्ताच्या तपासणीसाठी नमुना घेताना पत्र्याची भांडी वापरायची नाहीत हा पहिला नियम आहे. प्लास्टिकची बादली घ्या, खुरपं स्टेनलेस स्टीलचं किंवा लाकडी पट्टी. गंजकं खुरपं नको.

एकाच जागची माती घेतली असेल तर तेही चुकलं. एका तुकड्यात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा घ्यायचा, त्याच्या कडेची वीतभर खोलीपर्यंतची चकती काढायची आणि सगळ्या एकत्र करायच्या. मग ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असं करत अर्धा किलो उरवायची. बांधाजवळची, खताच्या उकिरड्याजवळची, झाडाखालची माती घ्यायची नाही. पण तुमच्या बाबतीत ओढ्याचा गाळ वेगळा घ्या आणि वेगळ्या पिशवीत ठेवा. तो रानाच्या मातीत मिसळला की दोन्हीचं काही कळणार नाही.

वर्णपट | ८ डिसेंबर, रात्री ११.२०

याच तंत्रावर काम करतो, म्हणून सविस्तर लिहितो. घाबरण्याआधी हे वाचा.

या पद्धतीला आम्ही लिब्ज म्हणतो. लेझरचा स्पंद काही नॅनोसेकंदांचा असतो, म्हणजे सेकंदाचे अब्ज भाग केले तर त्यातले पाच-दहा. लागणारी ऊर्जा फार नसते, पण ती भिंगाने केसाच्या जाडीएवढ्या ठिपक्यावर आणली की तिथल्या मातीची वाफ होते आणि वाफेचा प्लाझ्मा होतो. त्याचं तापमान दहा हजार अंशांच्या घरात जातं. तुम्ही पाहिलेली ठिणगी म्हणजे तोच प्लाझ्मा. पहिल्या क्षणी त्यातून नुसता पांढरा, सपाट उजेड येतो, त्यात काही वाचता येत नाही. एखादा मायक्रोसेकंद थांबलं की तो ओसरतो आणि प्रत्येक मूलद्रव्याचा स्वतःचा रंग उरतो. त्या क्षणी यंत्राचा डोळा उघडायचा. दिवाळीत बेरियमच्या क्षारामुळे हिरवी आणि स्ट्रॉन्शियममुळे लाल ठिणगी उडते, त्याचंच हे मोजलेलं रूप. १८६० च्या सुमारास बुन्सेन आणि किर्खहोफ यांनी बर्नरच्या ज्योतीत हे रंग वाचायला सुरुवात केली, १९६० साली लेझर आला, आणि दोन वर्षांत लेझरच्या ठिणगीचा वर्णपट घेण्याचे प्रयोग सुरू झाले.

चांद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरवर हेच उपकरण होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या मातीत गंधक आहे हे त्यानेच प्रत्यक्ष दाखवलं. ते उपकरण बंगळुरूच्या इस्रोच्या प्रयोगशाळेत बनवलं होतं. मंगळावरची क्युरिऑसिटी गाडी २०१२ पासून सात मीटरपर्यंतच्या खडकांवर असाच लेझर मारते. तिथे ॲसिडच्या बाटल्या नेता येत नाहीत, म्हणून ठिणगी.

आता तुमच्या तीन रेघा. भाऊ बरोबर बोलला, ते क्रोमियमच आहे. पण ते कुणाचं, हे ती रेघ सांगत नाही.

आपली काळी माती बेसाल्टची आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा आला, थरावर थर बसले, ते झिजून ही माती झाली. बेसाल्टमध्ये लोह भरपूर असतं आणि त्याच्याबरोबर क्रोमियम, निकेल, तांबं, व्हॅनेडियमही मुळातच असतं, ग्रॅनाइटच्या मातीपेक्षा बरंच जास्त. सोलापूर जिल्ह्यात कुठल्याही टेकाडावरची काळी माती आणून तिच्यावर लेझर मारा, जिथे आजवर एकही कारखाना उभा राहिला नाही तिथलीसुद्धा, हे तीन भाऊ दिसणारच. परदेशातल्या मातीसाठी ठरवलेली मर्यादा आणून इथे लावली तर कारखाने येण्याआधीची आपली शेतंही प्रदूषित ठरतील. आणि उलटही होतं : खरंच घाण आलेली असताना "ते खडकाचंच आहे" म्हणून प्रकरण झटकून टाकता येतं. दोन्ही मी पाहिलंय.

म्हणून तुमचा नमुना एकटा असेल तर त्याला अर्थ नाही. तुलनेची माती हवी. तुमच्याच शिवारातली, त्याच रंगाची, त्याच खोलीची, पण ओढ्याचं पाणी जिथे कधीच पोचलं नाही अशी. ती आणा, शेजारी ठेवून मारू, मग बोलू. मी हे दहा वेळा लिहायला तयार आहे, कारण लोक यंत्र किती महागाचं, लेझर किती ताकदीचा हे विचारतात, आणि तुलनेची माती कुठून आणली हे कुणी विचारत नाही.

लोहामुळे आणखी एक अडचण होते. लोहाच्या रेघा शेकड्यांनी असतात आणि इतर धातूंच्या रेघांवर सावली टाकतात. शिशाची नेहमीची रेघ ४०५.७८ ला आहे, आणि मँगनीजची एक रेघ जवळजवळ तिथेच बसते. शिसं म्हणायचं असेल तर ३६८.३५ लाही तपासा. दोन साक्षीदार हवेत.

मालदांडी | ९ डिसेंबर, सकाळी ६.५०

मँगनीज म्हणजे पत्रिकेतलं मंगल, इतरांसाठी सांगतो.

तुलनेच्या मातीबद्दल एक भर. डाळिंबाची किंवा द्राक्षाची बाग तुलनेला घेऊ नका. आपल्याकडे तेल्या रोगासाठी वर्षानुवर्षं तांब्याची औषधं मारतात, बोर्डो मिश्रणात मोरचूदच असतं. त्या बागेत तांबं वाढलेलं दिसेल आणि दोष ओढ्याला जाईल. मॅन्कोझेबमध्ये मंगल आणि जस्त असतं. सुपर फॉस्फेटमधून खडकातलं थोडं कॅडमियमही येतं. माळावरचं किंवा गायरानातलं, कधी फवारणी न झालेलं रान बघा.

नवीपेठ_कट्टा | ९ डिसेंबर, दुपारी १.३०

एक प्रामाणिक शंका. इतक्या अटी असतील तर लेझर कशाला? सरळ मोठ्या प्रयोगशाळेत ॲसिडमध्ये विरघळवून आकडा घ्यावा. त्यासाठी आयसीपी, ॲटॉमिक अब्सॉर्प्शन अशी धातू मोजायची यंत्रं आहेत.

वर्णपट | ९ डिसेंबर, रात्री १०.०५

शंका रास्त आहे. शेवटचा आकडा तिथूनच घ्यायचा, त्यात वाद नाही. पण तिथे प्रत्येक नमुन्याला तीव्र ॲसिडमध्ये उकळावं लागतं, दिवस जातो आणि पैसे मोजावे लागतात. पावणेतीन एकरांतून चाळीस नमुने पाठवणं शेतकऱ्याला परवडत नाही. तो एक पाठवतो, आणि तो एक नेमका कुठला हे नशिबावर राहतं. लेझरला वडी केली की काही मिनिटं पुरतात. चाळीस जागांचा नकाशा एका दिवसात होतो, मग नकाशावर जिथे उंचवटा दिसला तिथले चार आणि तुलनेचा एक, एवढेच आयसीपीला पाठवायचे. गाडगं घेताना आपण आधी टिचकी मारून बघतो, तसं.

लेझरच्या मर्यादाही सांगतो. एका स्पंदात मायक्रोग्रॅमभर किंवा त्याहून कमी माती उडते. शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही, कारण इथलं प्रत्येक शीत वेगळं : एका खड्ड्यात चुनखडीचा कण, शेजारी लोहाचा. म्हणून वडी फिरवत शेकडो ठिणग्या घ्यायच्या आणि सरासरी काढायची. ओल्या मातीत ठिणगी मरते, आपली काळी तर पाणी धरून बसते, म्हणून पूर्ण वाळवायची. यंत्राला आकडे शिकवायचे तर आपल्याच मातीत मोजून धातू मिसळून वड्या कराव्या लागतात. वाळूवर शिकवलेलं यंत्र काळ्या मातीवर चुकीचं बोलतं.

कॅडमियमच्या बाबतीत हे साधं यंत्र बहुतेक आंधळंच असतं. कॅडमियम किलोला मिलिग्रॅमच्या आसपासही काळजीचं, आणि इतकं कमी त्याला दिसत नाही. वर त्याची २२८.८० ची रेघ आर्सेनिकच्या रेघेला चिकटून बसलेली. पडद्यावर कॅडमियम दिसलं नाही, तर एवढंच म्हणायचं की या यंत्राला दिसलं नाही.

क्रोमियमच्या बाबतीतही यंत्र अर्धंच सांगतं. क्रोमियमची मातीत दोन रूपं असतात, त्रिसंयुजी आणि षट्संयुजी. ठिणगीत सगळी संयुगं मोडतात, त्यामुळे ते त्रिसंयुजी होतं की षट्संयुजी हे कळतच नाही. विषारी ते षट्संयुजी. खडकातलं बहुतांश त्रिसंयुजी, मातीला घट्ट धरून बसलेलं.

डायमास्तर | १० डिसेंबर, रात्री ८.१५

मी सोलापूरच्या पूर्व भागातला. चाळीस वर्षं सूत रंगवण्यात गेली. नातू टाइप करून देतोय.

क्रोमियमचं तुम्ही पडद्यावर बघताय, मी हातावर बघितलंय. सल्फर काळा आणि व्हॅटचे रंग पक्के करायला आम्ही बायक्रोमेट वापरायचो. नारिंगी खडे, दिसायला लई सुंदर, खडीसाखरेसारखे. गरम पाण्याच्या हौदात बायक्रोमेट आणि ॲसिटिक ॲसिड टाकायचं, लडी त्यात फिरवायची. तेव्हा हातमोजे कुणाला ठाऊक. बोटांच्या पेरांवर गोल खोल जखमा पडायच्या, दुखायच्या नाहीत पण महिनोन्महिने भरायच्या नाहीत. आम्ही खोबरेल लावून कामाला. माझ्या जोडीदाराच्या नाकाच्या पडद्याला भोक पडलं होतं. डॉक्टरनं विचारलं तपकीर ओढता का. तो आयुष्यात तपकीर ओढला न्हाई.

ते षट्संयुजी म्हणता ना, ते हेच. हौदातलं पाणी संध्याकाळी गटारीत. सगळेच तसं करायचे, मीही केलं. आज त्याचं वाईट वाटतंय.

नंतर हायड्रोजन पेरॉक्साइड आलं आणि बायक्रोमेट कमी झालं. डायरेक्ट रंगांना मोरचुदाचं पाणी द्यायचे, त्यातून तांबं जायचं. काही रंगांच्या रेणूतच तांबं किंवा क्रोमियम असतं. पण रानवाट, एक ध्यानात ठेवा बाळा. रंग दिसला म्हणजे धातू आहेच असं न्हाई. रिॲक्टिव्ह रंगाचं पाणी लालभडक दिसतंय, त्यात मीठ आणि सोडा जास्त. आणि मुलामा देणाऱ्याचं पाणी, क्रोम, निकेल, जस्त, ते कधी कधी नितळ दिसतंय.

सीनाकाठची | १० डिसेंबर, रात्री ९.००

काका, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल तुमचे पाय धरावेसे वाटतात. माझे सासरे मागावर होते, त्यांच्या बोटांवर असेच डाग होते. आम्हाला कुणी कधी सांगितलं नाही ते कशाचे.

वर्णपट, मग भाजीत काय उतरतं?

मालदांडी | ११ डिसेंबर, सकाळी ७.२०

मी सांगतो ताई. आपली जमीन चुनखडीची, सामू आठच्या आसपास. अशा जमिनीत शिसं आणि कॅडमियम बरंचसं बांधलं जातं, मुळाला सहज मिळत नाही. आम्लधर्मी मातीपेक्षा आपण या बाबतीत सुदैवी आहोत. पण षट्संयुजी क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं उलटं. ते ऋणभाराचे, चुनखडीच्या मातीत सुटे राहतात आणि पाण्याबरोबर खाली विहिरीत जातात. म्हणून मातीइतकीच विहीर तपासा.

पालेभाजीत कॅडमियम पानापर्यंत चढतं. क्रोमियम बहुतेक मुळातच अडतं. शिसंही मुळाशी राहतं, पण ओढ्याच्या पाण्याचे शिंतोडे आणि धूळ पानांवर बसते, मेथीच्या जुडीला माती तर असतेच. शिशाची कुठलीच पातळी लेकरांसाठी सुरक्षित मानत नाहीत, जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते.

शेणखत भरपूर घाला. सेंद्रिय पदार्थ षट्संयुजी क्रोमियमला त्रिसंयुजीत बदलायला मदत करतात. आणि अहवाल येईपर्यंत त्या वाफ्यांत खायचं काही नको.

कोर्टाची_पायरी | ११ डिसेंबर, संध्याकाळी ६.४५

कायद्याचं थोडक्यात. तुमच्या लेझरचा कागद कार्यवाहीत पुरावा म्हणून टिकत नाही. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याच्या कलम २१ प्रमाणे सांडपाण्याचा नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने, संबंधिताला नोटीस देऊन घ्यायचा, त्याचे दोन भाग करायचे, सीलबंद करून सह्या घ्यायच्या आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायचा. तुमच्या नकाशाचा उपयोग हा, की अर्जात "ओढा प्रदूषित आहे" असं मोघम न लिहिता जागा दाखवता येते. प्रदूषित जागांसाठी २०२५ मध्ये केंद्राने वेगळे नियमही केलेत, संशयित जागेची नोंद आणि तपासणी त्यात येते. ते नक्की वाचा. हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे, पण ती शेवटची पायरी.

रानवाट | १२ डिसेंबर, रात्री १०.३०

सगळ्यांचे आभार. डायमास्तर काका, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. तिने चारही वाफ्यांना पाणी तोडलं, मला काही सांगावं लागलं नाही. पुढचे नमुने तुम्ही सांगितलंत तसे घेतो.

रानवाट | १९ जानेवारी, रात्री ९.१०

गड्डा जत्रेच्या धामधुमीत उशीर झाला, माफ करा. धागा वर आणतोय.

प्लास्टिकची बादली आणि स्टीलचं नवं खुरपं घेऊन मी आणि भाऊ तीन रविवार फिरलो. ज्वारीचं रान, मेथीचे वाफे, ओढ्याचा गाळ, ओढ्याचं वळण आणि तुलनेसाठी गायरानातली माती. तिथे आजोबांच्या काळापासून नांगर लागलेला नाही. प्रत्येक पिशवीवर जागा लिहिली, दोरीवर टांगून वाळवली.

गायरानातल्या मातीची वडी आधी ठेवली. टक, टक, टक. आणि तेच तीन भाऊ, ४२५, ४२७, ४२८. मी खुर्चीत मागे टेकून बसलो. नंतर ज्वारीची आणि मेथीच्या वाफ्याची वडी ठेवली. तिन्हींचा वर्णपट भावाने एकावर एक टाकला, तर क्रोमियमच्या रेघा एकमेकींवर अशा बसल्या की रंग वेगळे दिले नसते तर ओळखू आल्या नसत्या. महिनाभर ज्याने झोप उडवली ते क्रोमियम आमच्या खडकाचं होतं. जस्तही खाली आलं. मालदांडी, ते घमेल्याचंच होतं.

पण ओढ्याच्या गाळात क्रोमियम गायरानापेक्षा स्पष्ट उंच आहे. म्हणजे ओढ्यात काहीतरी येतंय, ते अजून वाफ्यात ठळक उतरलेलं नाही.

आणि एक गोष्ट जी कुणाच्याच डोक्यात नव्हती. रस्त्याच्या मोरीपाशी ओढा वळतो तिथल्या दोन नमुन्यांत शिसं. वर्णपटने सांगितलं होतं म्हणून ३६८.३५ पाहिली, तिथेही आहे. वर-खाली कुठे नाही, फक्त त्या वळणावर. ते नमुने आणि गायरानातला एक ॲसिडवाल्या प्रयोगशाळेत पाठवले होते, काल कागद आला आणि शिसं पक्कं झालं. आकडे इथे टाकत नाही. चार आकडे व्हॉट्सॲपवर फिरले की उद्या बाजारात आमच्या गावाची एक जुडी कुणी घेणार नाही, आणि वळण तर एका कोपऱ्यात आहे. ज्यांना अभ्यासाला हवेत त्यांनी व्यक्तिगत संदेश करा.

त्या वळणावर रंगाचं पाणी साचत नाही. मग शिसं कुठून? पेट्रोलचं असेल का? रस्ता जुना आहे.

वर्णपट | १९ जानेवारी, रात्री १०.००

काम फार नीट केलंत. शिशाचं पेट्रोल देशात २००० साली बंद झालं, त्याची धूळ रस्त्याच्या दोन्ही कडांना पट्ट्यासारखी दिसते. एकाच ठिकाणी ढीग लागावा तसं दिसत नाही. हे कुणीतरी तिथे टाकलेलं असणार.

बांधावरची_बाभळ | २० जानेवारी, सकाळी ६.३०

मी बहुधा तुमच्याच शिवेवरचा. मोरी म्हटल्यावर लगेच आठवलं. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी तिथे पत्र्याचं एक शेड होतं. जुन्या गाड्यांच्या बॅटऱ्या फोडायचे. काळी प्लास्टिकची खोकी वेगळी, आतल्या प्लेटा भट्टीत, ॲसिड ओढ्याच्या कडेला. रात्री धूर यायचा, घशात गोडसर चव यायची. दोन-तीन वर्षं चाललं असेल, मग एका रात्रीत उठून गेले. आमच्या दोन शेळ्या त्या वेळी गेल्या होत्या, आम्ही साप समजलो.

आता तिथे बाभळी वाढल्यात, पोरं क्रिकेट खेळतात.

रानवाट | २० जानेवारी, सकाळी ७.१०

पोरं खेळतात हे खरं आहे. माझा पुतण्याही.

आज दुपारी सरपंचांकडे जातोय, कागद घेऊन. आधी तारेचं कुंपण आणि फलक, मग मंडळाकडे अर्ज. बाभळ, तुम्ही शेडबद्दल लिहिलंत ते अर्जात सांगाल का?

बांधावरची_बाभळ | २० जानेवारी, सकाळी ७.२५

सांगतो. सहीही करतो. माझ्या थोरल्या भावालाही आठवतंय, त्यालाही आणतो.

मालदांडी | २० जानेवारी, सकाळी ८.००

कुंपण होईपर्यंत तिथली माती उकरू नका, जेसीबी तर अजिबात नको. उकरली की धूळ उडते आणि कोपऱ्यातलं शिसं गावभर होतं. शेळ्या सोडू नका. पोरांना घरी आल्यावर हातपाय धुवायला लावा, चपला उंबऱ्याबाहेर. पुतण्याच्या रक्तातलं शिसं तपासून घ्या, साधी रक्ताची तपासणी असते.

डायमास्तर | २० जानेवारी, दुपारी १२.४०

आम्ही सगळे त्या जांभळ्या पाण्याकडे बघत बसलो. गाळातल्या क्रोमियमचं मात्र सोडू नका. विहिरीच्या पाण्याची षट्संयुजीची तपासणी झाली का?

रानवाट | २० जानेवारी, रात्री ९.३०

झाली काका. प्रयोगशाळेतल्या ताईंनी माझ्यासमोर केली. पाण्यात थोडं ॲसिड आणि डायफिनाइल कार्बाझाइड घालतात. षट्संयुजी असेल तर पाणी गुलाबी-जांभळं होतं, जितकं जास्त तितकं गडद. शेजारी ओळखीचं पाणी ठेवलं होतं, ते जांभळट झालं. आमच्या विहिरीचं पाणी तसंच राहिलं. पाच मिनिटं मी त्या नळीकडे बघत होतो. यंत्रावरही तपासलं. एकूण क्रोमियमही पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाच्या, म्हणजे लिटरला ०.०५ मिलिग्रॅमच्या आत आहे.

सरपंच ऐकून गप्प झाले, मग लगेच गाडी काढून जागा बघायला आले. कुंपणाचे खांब उद्या येतायत. पुतण्याचं रक्त सकाळी दिलं.

सीनाकाठची | २० जानेवारी, रात्री १०.०५

देव करो आणि त्याचा अहवाल चांगला येवो. भाऊ, माझ्या विहिरीचं पाणी तुमच्या त्या ताई तपासतील का? कशात आणू?

वर्णपट | २० जानेवारी, रात्री १०.२०

दोन बाटल्या आणा, प्लास्टिकच्या, नव्या. त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरा. मोटार दहा मिनिटं चालवून मग पाणी घ्या, पाइपात साचलेलं नको. शिसं आणि बाकीच्या धातूंच्या बाटलीत ॲसिडचे थेंब घालावे लागतात, ते प्रयोगशाळेत घालतील. षट्संयुजीच्या बाटलीत मात्र काहीही घालायचं नाही, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायची. आणि गावातल्या लांबच्या, उंचावरच्या एका विहिरीचं पाणीही तसंच आणा, तुलनेला.

रानवाट | २० जानेवारी, रात्री १०.३०

ताईंना विचारलं. गुरुवारी दुपारपर्यंत आणा म्हणाल्या. मी असेन तिथे.

सीनाकाठची | २० जानेवारी, रात्री १०.४०

गुरुवारी सकाळच्या एसटीने येते. चार बाटल्या होतील, दोन आमच्या आणि दोन वरच्या वस्तीवरच्या. बर्फ मोहोळच्या स्टँडजवळ घेते.